पुरुषी टक्कल : कोणता उपचार, कोणाला आणि किती वर्षं

इंदूरला केस गळू लागले की पहिला आरोप पाण्यावर जातो. नर्मदेची लाइन असली तर क्लोरीन जास्त, बोअरिंग असलं तर पाणी जड. मग हेल्मेट, मग शाम्पू, मग रात्रीचं जागरण. रामबागेजवळच्या माझ्या औषधाच्या दुकानात ही यादी रोज ऐकायला मिळते. जड पाण्यानं केस राठ होतात, अधेमध्ये तुटतात, हे खरं. पण कपाळाचे दोन्ही कोपरे वर सरकणं आणि शेंडीच्या जागी टाळू दिसू लागणं हे पाण्याचं काम नाही. ते घराण्यातून येतं, आईकडूनही आणि वडिलांकडूनही.

मी औषध देतो, लिहून देत नाही. म्हणून अमुक घ्या असं इथे सांगणार नाही. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं आणि कशाला नाही म्हणायचं, एवढं हाती यावं. माझं मत मात्र आधीच सांगून टाकतो. बाजारात उपचार वीस दिसतात, पण खरा निर्णय एकच आहे: डीएचटी, म्हणजे केसांची मुळं आकसवणारं संप्रेरक, रोखणारी गोळी तुम्ही घेणार की नाही? ते ठरलं की बाकीचं त्याच्याभोवती बसवता येतं. लोक नेमकं उलट करतात. आधी तेल, मग बायोटिन नावाचं जीवनसत्त्व, मग पीआरपीचं (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स टाळूत टोचण्याचं) पॅकेज, आणि गोळीचा विचार निम्मं डोकं उघडं पडल्यावर.

आधी खात्री करा

पुरुषी टक्कल हळूहळू येतं आणि ठरलेल्या जागीच येतं: कपाळाचे कोपरे, भांगाचा पुढचा भाग, शेंडीची जागा. कानांवरचा आणि मागचा पट्टा शाबूत राहतो. यात केस गळण्यापेक्षा बारीक होतात. जाड केस पडला की त्या जागी जरा बारीक, जरा आखूड केस येतो, पुढच्या वेळी आणखी बारीक, आणि शेवटी नुसती लव उरते. म्हणून कंगव्यातले केस मोजण्याला फारसा अर्थ नाही. रोज ५० ते १०० केस तर निरोगी डोक्याचेही पडतात.

याउलट बाथरूमच्या जाळीवर अचानक पुंजके दिसू लागले, तर दोन-तीन महिने मागचं आठवा. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, झपाट्यानं वजन उतरवणारं डाएट. आपल्याकडे ताप पावसाळ्यात येतो आणि केस दिवाळीच्या सुमाराला गळतात, म्हणून दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. ही गळती बहुतेकदा आपोआप थांबते. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा असेल तर ती चाई, तिचा उपचार वेगळा. खपल्या आणि खाज असेल तर बुरशी असू शकते. टाळू लाल, आग होतेय आणि केसांची छिद्रंच दिसेनाशी झालीत, तर त्याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरांकडे जा. तिथे उशीर केला तर गेलेले केस परत येत नाहीत.

डॉक्टर छोट्या भिंगानं टाळू पाहतात. जाड-बारीक केसांची सरमिसळ दिसली की बहुतेकदा तेवढ्यावर निदान होतं. 'हेअर प्रोफाइल' नावाच्या लांबलचक तपासण्यांची गरज सहसा पडत नाही. केस सगळ्या डोक्यावर विरळ होत असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि शाकाहारी घरात बी-१२ एवढं पुरे. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ. खासगी फी जड वाटत असेल तर एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या चर्मरोग ओपीडीत दाखवा. सकाळी लवकर पोचा, एवढंच.

त्याच दिवशी फोटो काढा. समोरून, वरून, शेंडीच्या जागेचा; कोरडे केस, तोच बल्ब, तेच अंतर. दर तीन महिन्यांनी पुन्हा. हे टाळलं की वर्षानं औषध लागू पडलं की नाही यावर बायकोशी वाद होतो आणि निकाल कोणाकडेच नसतो.

डॉक्टर 'नॉरवुड तीन', 'नॉरवुड पाच' असं काहीतरी लिहितील. हॅमिल्टन यांनी १९५१ साली टकलाचे टप्पे मांडले आणि नॉरवुड यांनी १९७५ साली ते सुधारले. एकूण सात आहेत. दोन ते चारमध्ये औषधाला काम करायला जागा असते. सहा-सातमध्ये टाळू गुळगुळीत झालेली असते, आणि गुळगुळीत टाळूवर कोणतंही औषध रान उगवत नाही. आहे ते राखणं हे औषधाचं मुख्य काम. थोडे परत आले तर ती वरकमाई.

खरा निर्णय: फिनास्टराइड

टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी तयार होतं आणि ज्या केसांची मुळं वंशानंच डीएचटीला संवेदनशील असतात, ती त्यामुळे आकसतात. याचा सुगावा दोन ठिकाणांहून लागला. लहानपणीच अंडकोष काढावे लागलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवलं. पुढे १९७४ साली डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांत डीएचटी बनवणारं विकर जन्मतःच कमी होतं. त्यांची प्रोस्टेट लहान राहायची आणि टक्कल पडायचं नाही. तेच विकर अडवणारी गोळी म्हणजे फिनास्टराइड. ५ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९९२ साली प्रोस्टेटसाठी आली, १ मिलिग्रॅमची १९९७ साली केसांसाठी.

रोज १ मिलिग्रॅमनं रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी उतरतं. मूळ चाचण्यांत दोन वर्षांनी शेंडीच्या भागातले केस मोजले, तेव्हा नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांचे केस कमी झाले होते, फिनास्टराइड घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांचे. शेंडीवर परिणाम चांगला, कपाळाच्या कोपऱ्यांवर तेवढा नाही. कोपऱ्यांसाठी येणाऱ्याला मी हे आधी सांगतो, कारण नाराज होऊन परत येणारे बहुतेक तेच असतात.

आता दुसरी बाजू. हा भाग घाईत वाचू नका. कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी पडणं, वीर्य कमी होणं: त्याच चाचण्यांत पहिल्या वर्षी हे ३.८ टक्के पुरुषांत दिसलं, साखरेच्या गोळीवर २.१ टक्क्यांत. बहुतेकांत गोळी थांबवल्यावर ते जातं. काहींनी मात्र थांबवल्यानंतरही त्रास राहिल्याचं कळवलं आणि २०१२ पासून अमेरिकेत गोळीच्या माहितीपत्रकात तशी नोंद आहे. २०२५ साली युरोपच्या औषध नियामकानं आत्महत्येचे विचार हा फिनास्टराइडच्या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. दुसरीकडे इटलीत २००७ साली प्रोस्टेटच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. ज्यांना लैंगिक त्रास होऊ शकतो असं आधी सांगितलं, त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्क्यांना तो जाणवला. ज्यांना सांगितलं नाही त्यांच्यापैकी सुमारे १५ टक्क्यांना. धास्तीही काम करते. म्हणून रात्री दोन वाजता मोबाइलवर अनुभव वाचत बसून ठरवू नका, आणि काउंटरवर कोणी 'काही होत नाही भिया' म्हणालं म्हणूनही घेऊ नका.

माझा हिशेब असा. पंचविशी ओलांडली आहे, टक्कल स्पष्टपणे पुढे जातंय, नैराश्याचा इतिहास नाही आणि डॉक्टरांशी नीट बोलणं झालंय, तर वर्षभर घेऊन पाहणं शहाणपणाचं आहे. नैराश्य, घबराट यांचे उपचार चालू असतील किंवा पूर्वी झाले असतील तर ते लपवू नका. बहुतेकांनी तिथे लावायच्या औषधावर (मिनॉक्सिडिल, ते पुढे येतं) थांबलेलं बरं. मूल हवंय आणि वीर्यतपासणीत आकडा आधीच कमी असेल तर आधी तो विषय. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला ही गोळी नाही, आई कितीही काळजीत असली तरी. गोळी चालू झाल्यावर मनःस्थिती बिघडते आहे असं तुम्हाला किंवा घरच्यांना वाटलं, तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. महिना संपायची वाट पाहायची नाही.

स्वस्त पडते म्हणून वडिलांची प्रोस्टेटची ५ मिलिग्रॅमची गोळी तुकडे करून खाणारे मुलगे मला माहीत आहेत. यात दोन घोटाळे होतात. तुटलेल्या गोळीचा चुरा गर्भवती बाईच्या हाताला लागणं धोक्याचं, कारण पोटातल्या मुलाच्या जननेंद्रियाच्या वाढीत दोष येऊ शकतो. अख्ख्या, आवरण असलेल्या गोळीला तो धोका नसतो. आणि वडिलांच्या गोळीत बऱ्याचदा टॅमसुलोसिन मिसळलेलं असतं. ते ब्लडप्रेशर उतरवतं, केसांशी त्याचा काडीचा संबंध नाही.

लावायचं मिनॉक्सिडिल

मिनॉक्सिडिल मूळचं ब्लडप्रेशरचं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून टाळूवर लावून पाहिलं गेलं. १९८८ साली २ टक्क्यांच्या लोशनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज पुरुषांसाठी ५ टक्के हेच प्रमाण. ते डीएचटीला हात लावत नाही, केसाचा वाढीचा काळ लांबवतं. म्हणून एकटं लावलं तर मूळ कारण आत चालूच राहतं.

लावायची रीत: टाळू कोरडी, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर, केसांवर नव्हे तर कातडीवर. नंतर चार तास डोकं धुवायचं नाही. रात्रीचं झोपण्याच्या दोन-तीन तास आधी लावा, नाहीतर ते उशीला लागतं आणि उशीवरून गालाला. घरात तान्हं बाळ असेल तर आणखी जपा: बापाच्या टाळूचं औषध अंगाला लागून बाळाच्या अंगावर केस वाढल्याची प्रकरणं युरोपात नोंदली गेली आहेत. मांजर पाळलं असेल तर त्याला या औषधाचा थेंबही चाटू देऊ नका, मांजराचा जीव जाऊ शकतो.

लोशननं खाज सुटली तर बहुतेकदा दोष त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकोलचा असतो. फोममध्ये ते नसतं. फोम महाग पडतो आणि माळव्याच्या मे महिन्यात बोटांवरच विरघळतो, म्हणून आधी बोटं गार पाण्यात धरून पुसून घ्या. रंगपंचमीच्या गेरमधून (रंगांच्या मिरवणुकीतून) आल्यावर डोकं खसाखसा धुतलेलं असतं. टाळू चुरचुरत असेल तर त्या दिवशी लावू नका.

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते. जुने केस नव्यांना जागा देत असतात, पण हे आधी न कळलेले लोक बाटली अर्धी ठेवून निघून जातात. चार महिन्यांआधी निकाल नाही, वर्षाआधी अंतिम निकाल नाही. आणि बंद केलं की कमावलेलं काही महिन्यांत जातं. दिवसातून दोनदा, पुढची दहा वर्षं: हे तुमच्याकडून होईल का, ते स्वतःला विचारा. प्रवासाची नोकरी असेल, संध्याकाळी घरी येऊन जेवून झोपत असाल, तर होणार नाही. मग त्यावर पैसे घालू नका.

अशांसाठी डॉक्टर कमी मात्रेतली मिनॉक्सिडिलची गोळी देतात, पुरुषांना बहुधा २.५ ते ५ मिलिग्रॅम. केसांसाठी तिला अधिकृत मान्यता नाही, डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर लिहितात, आणि अलीकडे बरीच लिहितात. गालांवर, कानांवर, पाठीवर केस वाढतात. कधी पाय सुजतात, छाती धडधडते, उठताना चक्कर येते. हृदयाचा आजार किंवा ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर आधी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

एक बाटली नीट ओळखा: ५ टक्के मिनॉक्सिडिलसोबत ०.१ टक्का फिनास्टराइड असलेली. खूप खपते, आणि घेणाऱ्या निम्म्यांना आत फिनास्टराइड आहे हे माहीत नसतं. लावल्यावर रक्तात कमी जातं, पण जातं. म्हणून वरच्या सगळ्या सूचना हिलाही लागू, आणि घरातल्या गर्भवती बाईनं तिला हात लावू नये. गोळी नको पण काहीतरी हवं अशांना हा मधला मार्ग बरा आहे, फक्त तो डोळे उघडे ठेवून निवडलेला असावा.

ड्युटास्टराइड

फिनास्टराइडपेक्षा जोरदार. डीएचटी ९० टक्क्यांहून जास्त उतरवते. दक्षिण कोरियात २००९ पासून आणि जपानमध्ये २०१५ पासून केसांसाठी मान्य. पण ती शरीरातून निघायला आठवडेच्या आठवडे घेते, म्हणजे त्रास झाला तरी लवकर सुटका नाही. फिनास्टराइड वर्षभर नीट घेऊनही टक्कल सरकत राहिलं, तरच पुढची पायरी म्हणून. पहिल्याच भेटीत ही लिहून मिळाली तर कारण विचारा.

पीआरपी, रोलर, लेसर, बायोटिन

पीआरपीत तुमचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेट्सचा थर टाळूत टोचतात. महिन्याच्या अंतरानं तीन-चार बैठका, मग सहा महिन्यांनी एक. काहींना फायदा दिसतो. पण प्रत्येक क्लिनिकची पद्धत वेगळी, प्लेटलेट्सचं प्रमाण वेगळं, त्यामुळे एकाचा निकाल दुसऱ्याला लागू होत नाही. औषधाला जोड म्हणून, खिशाला जमत असेल तर करा. औषधाऐवजी नको.

बारीक सुयांच्या रोलरबद्दल माझं मत त्यापेक्षा बरं आहे. २०१३ साली मुंबईतल्या सायनच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी १०० पुरुषांवर प्रयोग केला. बारा आठवडे एका गटानं नुसतं मिनॉक्सिडिल लावलं, दुसऱ्यानं सोबत आठवड्यातून एकदा रोलरही घेतला. मोजलेल्या भागात पहिल्या गटाचे सरासरी २२ केस वाढले, दुसऱ्याचे ९१. प्रयोग लहान आहे, पण आशा वाटावी असा. रोलर डॉक्टरांकडे करा, त्यानंतर २४ तास मिनॉक्सिडिल लावू नका आणि कोणाचाही वापरलेला घेऊ नका.

लेसरची टोपी थोडी मदत करते, किंमत मोठी. कोंडा असेल तर कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू वापरा. बायोटिन कमतरता नसेल तर निरुपयोगी, आणि जास्त मात्रेत घेतलं तर थायरॉइडच्या, हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकवू शकतं. तेलानं मालिश छान वाटतं, करा. 'टक्कल कायमचं बरं' असं लेबल दिसलं तर बाटली खाली ठेवा: आपल्या औषध नियमांतल्या 'शेड्यूल जे' या यादीत टक्कल आहे आणि त्या यादीतला आजार बरा करण्याचा दावा औषधाला करता येत नाही.

ट्रान्सप्लांट

मागच्या पट्ट्यातली मुळं काढून पुढे लावतात. नवे केस तयार होत नाहीत, जागा बदलतात. मागचा साठा मर्यादित असतो, आणि तेविसाव्या वर्षी सगळा कपाळावर खर्च केला तर चाळिशीत शेंडीसाठी काही उरत नाही. म्हणून पंचविशीच्या आत घाई नको, आणि आधी वर्षभर औषधानं गळती थोपवलेली असावी. लावलेले केस काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवतात, पूर्ण रूप यायला वर्ष लागतं. औषध पुढेही चालू ठेवावं लागतं, नाहीतर लावलेले राहतात आणि मधले जुने जातात.

लग्नाची तारीख धरून येणाऱ्यांनी हाच हिशेब उलटा मोजावा. मार्गशीर्षात बार उडायचा असेल तर दसऱ्याला ऑपरेशन करून काही उपयोग नाही.

कोण करणार, हे किमतीआधी विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या सूचनेनुसार हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण असलेल्या डॉक्टरांचं आहे. तंत्रज्ञ मदत करू शकतात, ऑपरेशन करू शकत नाहीत. भूल कोण देणार, दिवसभर डॉक्टर हजर असणार का, अचानक काही झालं तर सोय काय, याची उत्तरं बिचकत मिळाली तर उठून या.

दुकानात आणि पहिलं वर्ष

फिनास्टराइड चिठ्ठीशिवाय मिळायला नको, ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आहे. ब्रँडचं नाव पाहण्याऐवजी घटक आणि प्रमाण वाचा. तेच औषध वेगवेगळ्या कंपन्यांचं फार वेगळ्या भावात मिळतं. दवा बाजारातून (औषधांच्या घाऊक बाजारातून) सहा महिन्यांचा साठा एकदम उचलू नका, पहिल्या दोन महिन्यांत औषध सोसतं की नाही हे कळायचं असतं. आणि दोन औषधं एकाच दिवशी सुरू करू नका. महिना-दोन महिन्यांचं अंतर ठेवलं तर त्रास कशाचा, हे कळतं. तीन महिन्यांनी दुष्परिणामांचा आढावा, सहा महिन्यांनी फोटोंची तुलना, वर्षानं निर्णय. वर्षाच्या फोटोत केस होते तेवढेच दिसले तर ते यश समजा.

फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड चालू असल्याचं प्रत्येक डॉक्टरला सांगा, विशेषतः पन्नाशीनंतर. प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय घेण्यासाठी करतात त्या पीएसए रक्ततपासणीचा आकडा या गोळ्यांवर साधारण निम्मा दिसतो. डॉक्टरांना माहीत नसेल तर खरा धोका नजरेतून सुटेल. रक्तदान शिबिरातही सांगायचं, कारण ते रक्त गर्भवती बाईला चढू शकतं. फिनास्टराइड बंद केल्यावर महिनाभर आणि ड्युटास्टराइडनंतर सहा महिने रक्त द्यायचं नाही.